मुखवट्याचं माप

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाकडे नुसतं पाहून छातीचं माप सांगतील, पण स्वतःचा डावा कान चार महिने बंद होता, त्याचा पत्ता कुणाला लागू दिला नाही. सकाळी खाकरताना रक्त पडायचं, तेही नळ सोडून धुऊन टाकायचे. मानेत गाठ आली, कॉलरचं बटण लागेना, तेव्हा कुठे दवाखाना.

नाकाच्या मागे, घसा सुरू होतो तिथे कॅन्सर निघाला. "क्वचित होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जागा अडचणीची, ऑपरेशन नको. रेडिएशनला मात्र दाद देतो. पस्तीस दिवस, सोबत आठवड्याला एक केमो. मध्ये खंड पडू देऊ नका."

या शेवटच्या वाक्याची यांनी खूणगाठ बांधली.

चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा चढवून तो टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. पण तोंड आतून सोलवटलं, घास उतरेना, नऊ किलो वजन गेलं. मुखवटा गालाशी ढिला पडला. नवा करायचा तर परत स्कॅन आणि दोन-तीन दिवसांचा खंड. "कुणाला बोलू नकोस," हे घरी म्हणाले. "बसवतो मी." मला वाटलं, नेटाने जेवणार असतील. माझंही डोकं चाललं नाही.

चोविसाव्या दिवशी यांना आत नेलं. शर्ट माझ्या मांडीवर होता. खिशात कॉलर ताठ राहायला घालतात त्या कॅनव्हासची इवलीशी गादी सापडली, कडा बारीक टाक्यांनी शिवलेल्या. कालची असावी. तिला रक्त लागलं होतं. मुखवटा घट्ट बसावा म्हणून गालात भरत होते हे! त्या सोललेल्या गालात!

सांगितलं तर खंड पडणार, आणि हे मला जन्मभर बोल लावणार. नाही सांगितलं तर गादी सरकून डोकं हलणार, आणि किरण गाठ सोडून डोळ्याच्या नसेवर. किरण सुरू झाले की लागणारा दारावरचा लाल दिवा अजून लागला नव्हता. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"थांबवा! यांच्या तोंडात कापड आहे!"

मुखवटा निघाला, दोन्ही गालांतल्या गाद्या निघाल्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कधीपासून?"

यांनी तीन बोटं दाखवली. तीन दिवस.

"अहो, खंड मी भरून काढीन, शनिवारी जादा बोलावून. चुकलेला नेम कसा भरून काढू?"

माझा तोल सुटला. "आयुष्यभर कपडा माणसाच्या मापाला उसवलात, आणि आता माणूसच कपड्याच्या मापाला भरताय?"

हे फुटलेल्या ओठांनी म्हणाले, "खंड पडला असता गं. मला मरायचं नाहीये."

या आजारपणातच नव्हे, तीस वर्षांच्या संसारात भीती वाटते असं हा माणूस पहिल्यांदा बोलला होता. मी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर रडले.