कडू पुडीचा महिमा

२००९ची संक्रांत. कॅनडात सस्काटूनमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये सगळी मराठी मंडळी दाटीवाटीनं उभी होती आणि मधोमध मी उकिडवा बसलो होतो. "बघा हं," म्हणालो आणि हाताचा आधार न घेता ताडकन उठलो. टाळ्या पडल्या. कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. मी परत बसलो, परत उठलो. दिवाळीत हाच माणूस कठड्याला लोंबकळत जिना चढायचा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"विलासराव, घेता तरी काय?" नंदननं विचारलं.

मी वाटच बघत होतो. "हजारो वर्षांची चिनी विद्या आहे ही! मुळापासून इलाज. साइड इफेक्ट झीरो. आपले डॉक्टर नुसतं दुखणं दाबतात, हे बॉडीचा बॅलन्सच दुरुस्त करतं." बॅलन्स म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणखी लांबण लावली असती.

आता गंमत ऐका. नागपुरात कॉलेजात असताना नारळातून आग काढणाऱ्या एका महाराजाला मी भर चौकात उघडं पाडलं होतं. शेंडीत सोडियमचा तुकडा, वरून पाणी, की पेटला नारळ. ही शौर्यकथा मी प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पार्टीला, सांगतो. ती सुरू झाली की माझी बायको शीला भांडी आवरायला उठते.

तर ही औषधाची पुडी मला युनिव्हर्सिटीतून मिळत होती. चिनी वनस्पतींचा गुडघेदुखीवर खरंच उपयोग होतो का, याचा तिथे अभ्यास चालला होता आणि मी त्यात नाव दिलं होतं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली पुडी. कुणाला कुठली, ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखा. पण मी पडलो इंजिनियर, गप्प का बसणार? पहिल्याच दिवशी पुडी फोडून चिमूटभर जिभेवर ठेवली. काडेचिराईत परवडलं! आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की औषध म्हणजे कडू. नकली असती तर गोड किंवा बेचव लागली असती. म्हणजे मला खरीच मिळाली! संशोधकांना जे कळायला वर्ष लागणार होतं, त्याचा निकाल मी जिभेनं लावून टाकला.

संक्रांतीच्या त्या गर्दीत अरुणावहिनी होत्या, माझा नागपूरचा मित्र हेमचंद्र याची बायको. डेंटिस्टकडे लोकांचे दात साफ करायचं त्यांचं काम, म्हणजे सगळी नोकरी बोटांवर. त्यांना संधिवात होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो आटोक्यात होता, पण गोळी घेतली की मळमळायचं.

"भाऊजी, मला चालेल का हो ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"चालेल? धावेल, वहिनी!"

पुडी दुसऱ्याला देणार नाही, असं मी सही करून कबूल केलं होतं. पण परोपकाराच्या भरात सह्या कोण आठवतो? रोजच्या दोन पुड्यांतली एक मी वहिनींना देऊ लागलो. अर्ध्या डोसावरही माझा गुडघा ठणठणीत राहिला, तेव्हा तर खात्रीच पटली. केवढं जालीम औषध!

मार्चअखेर हेमचंद्रचा फोन आला. "घरी ये. आत्ताच्या आत्ता."

वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. बोटांची पेरं लालबुंद सुजली होती. जॅकेटची झिप लावता येईना म्हणून त्या दोन दिवस कामावर गेल्या नव्हत्या.

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?" मी विचारलं.

"त्या संक्रांतीलाच बंद केल्या. तुम्हीच म्हणालात ना, मुळापासून इलाज?"

"काय दिलंस बे तिला?" हेमचंद्र ओरडला.

"माहीत नाही," मी म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

हेमचंद्र वहिनींच्या डॉक्टरांना फोन लावू लागला आणि मी वहिनींना घेऊन अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर लिन यांच्याकडे गेलो. मी सगळं कबूल केलं. वहिनींच्या पोटात काय गेलं हे कळायलाच हवं होतं, म्हणून डॉक्टर लिन यांनी वरून परवानगी घेऊन माझ्या पुडीचा क्रमांक तपासला.

"तुमची पुडी नकली होती," त्या म्हणाल्या. "मक्याचं पीठ, रंग आणि कडू चवीसाठी एक पदार्थ."

"पण नकली पुडी कडू कशाला?"

"लोक चाखून बघतात म्हणून. त्यातून इंजिनियर जास्तच."

"मग माझा गुडघा?"

"दुखणं कमी-जास्त होतच असतं. ते टोकाला गेलं तेव्हा तुम्ही आमच्याकडे आलात, म्हणजे पुढे उतरण्याची शक्यता होतीच. वर आयुष्यात पहिल्यांदा नेमानं व्यायाम केलात, दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीनं विचारपूस केली आणि औषध खरं आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतं."

"पण हजारो वर्षांची परंपरा..." माझं तुणतुणं अजून थांबेना.

"माझी आजीपण हेच म्हणायची. तिच्या काही काढ्यांत दम असेलही. कुठल्या, तेच तर शोधतोय आम्ही. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका."

"म्हणजे गोळी सोडून मी अडीच महिने पीठ खात होते," वहिनी म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघा मात्र निर्लज्जासारखा अजिबात दुखत नव्हता.

मे महिन्यात मंडळी पुन्हा जमली, तेव्हा मी उभा राहून सगळं सांगितलं. वहिनींची गोळी पुन्हा सुरू झाली होती, सूज उतरली होती. पण उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती. कामाच्या ठिकाणी त्यांना आता रिसेप्शनवर बसवलं होतं.

माझं बोलणं संपलं तसा नंदन पुढे आला. "पण विलासराव, तुम्हाला गुण तर आला ना? पीठ तर पीठ. उरल्यात का पुड्या? माझी पाठ फार धरते हो."

हशा पिकला. वहिनींनी उजवा हात त्याच्यासमोर धरला. "नंदनभाऊजी, आधी ही दोन बोटं सरळ करून दाखवा त्या पिठानं."

नंदन परत खुर्चीत जाऊन बसला.

म्हणून सांगतो. औषध चिनी असो, आपलं असो की इंग्रजी, एकाला बरं वाटलं एवढ्यावर ते खरं ठरत नाही. अनेकांना देऊन, न घेणाऱ्यांशी ताडून, आपल्याला हवं ते उत्तर बाजूला ठेवून तपासावं लागतं. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. आणि सल्ला देणारा शिकलेला, घरोब्यातला माणूस असेल तर त्याला दुप्पट प्रश्न विचारा. अनोळखी बाबाला अरुणावहिनींनी दारातूनच परत पाठवलं असतं. माझ्या सल्ल्याला मात्र त्यांना नाही म्हणवलं नाही.