हरिहरकाकांच्या सपाता

महेंद्रने डबा ओट्यावर ठेवला, पण बूट काढायला तो बसला नाही. तसाच उभा राहून म्हणाला, "मंजू, आज घाटात माझा डोळा लागलेला."

मंजुळाने गॅस बारीक केला. "किती वेळ?"

"दोन सेकंद असतील. कंडक्टरने हाक मारली म्हणून..."

महेंद्र एसटीत ड्रायव्हर होता. रात्री खोपट डेपोतून नाशिकची गाडी काढायची, पहाटे तिकडून परत फिरायचं आणि नऊच्या सुमारास दिव्याला घरी पोचायचं. ड्युटी पुढच्या महिन्यापर्यंत बदलणार नव्हती. म्हणजे झोपायचं ते दिवसाच. आणि दिवसा झोप लागत नव्हती, कारण चौथ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, कुणीतरी चालत असायचं. दहा वाजले की सुरू. फटक, फटक, फटक. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मधेच आवाज थांबायचा. ते थांबणं जास्त वाईट, कारण मग तो पुन्हा कधी सुरू होतो याचीच वाट बघत पडायचं. बिल्डिंग घाईघाईत उभी राहिलेली, स्लॅब पातळ. वर चमचा पडला तरी खाली कळायचं.

मंजुळा घरीच फॉल-पिको करायची, ब्लाउज उसवून बसते करून द्यायची. पायाखालची मशीन आणि डोक्यावरचे पाय एका तालात चालायला लागले की तिचं टाळकं फिरायचं.

त्या दिवशी महेंद्र कानावर उशी दाबून झोपला. सव्वादहाला वर फटक फटक सुरू झालं, तशी मंजुळा मशीनवरून उठली आणि तरातरा जिना चढली. काय काय बोलायचं ते तिने पायऱ्यांवरच ठरवून टाकलं.

दार एका उंच, वाळक्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. अंगात बनियन, खाली पायजमा, पायात जाड तळाच्या निळ्या रबरी चपला. हरिहर सावंत. ते लेकीकडे राहायला आलेत एवढं मंजुळाला ऐकून माहीत होतं. लेक शीला ठाण्याला कोर्टात कारकून होती, ती सकाळी आठलाच निघायची.

"या, बसा ना," ते म्हणाले आणि स्वतः मात्र खिडकीकडे चालायला लागले. तिथून वळून परत आले.

"काका, मी खालची. तिसऱ्या मजल्यावरची."

"आवाज येतो?" त्यांनीच विचारलं. चालणं थांबलं नाही. "शीला म्हणाली होती मला. पण ताई, मला बसवत नाही. बसलो की छातीत कसंतरी होतं. आमची ही दिवाळीत गेली. गावचं घर बंद करून इकडे आलो. तिकडे अंगण होतं, फिरायचो. इथे लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. गुडघे चार मजले चढू देत नाहीत. मग हे इथल्या इथेच."

"मग अनवाणी चाला की घरात."

"साखर आहे मला. डॉक्टर म्हणालाय, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. पायाला काही लागलं तर मला कळतच नाही."

मंजुळाने ठरवून आणलेली वाक्यं तशीच राहिली. ती त्या निळ्या चपलांकडे बघत होती. फरशीवर पडताना त्या टाचेकडून आपटत होत्या.

"जुना पेपर आहे का?" तिने विचारलं.

पेपर जमिनीवर पसरून तिने त्यांना त्यावर उभं केलं आणि पेन्सिलने पावलांभोवती रेघ ओढायला घेतली. काका एकदम मागे सरकले. "अहो, पायांना हात नका लावू."

"पाया पडत नाहीये काका, माप घेतेय. हलू नका."

ते हलले नाहीत. डावा पाय, उजवा पाय, मिनिटभर ते जागच्या जागी उभे होते. मंजुळाला वाटलं, त्यांचा श्वाससुद्धा जरा खाली बसला.

महेंद्रला ते पटलं नाही. "भांडायला गेलेलीस ना? आणि लोकांच्या पायातलं शिवायची ऑर्डर घेऊन आलीस?"

"तुम्हाला झोपायचंय की नाही?"

घरात घालायच्या मऊ कापडी सपाता करायच्या ठरल्या, तळासाठी तिने स्वतःच्या लेकीची जुनी जीन्स कापली. आत पांघरुणाचे चार थर घातले आणि गोधडीला घालतात तसे जवळजवळ धावदोरे घातले. मशीनची एक सुई त्यात मोडली, मग उरलेलं हातानेच. वरचं कापड काकांनी दिलं. डोंबिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं घातलेल्या युनिफॉर्मचा करडा शर्ट. कडेला तिने लाल पट्टी लावली. नुसतं करडं फारच उदास दिसायला लागलं, म्हणून ती पुन्हा वर गेली. "काका, वर काहीतरी भरते. पक्षी काढू? मासा?"

"हलणारं काही नको," काका येरझारा घालता घालता म्हणाले. "पाय आधीच थांबत नाहीत. झाड काढा."

मग तिने दोन्ही सपातांवर फणसाचं झाड भरलं. साखळी टाक्याचं खोड, हिरवी पानं आणि खोडालाच लगडलेले गाठी टाक्याचे पिवळे फणस. काकांनी सपाता हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. "आमच्या मागच्या दारी असाच होता. बरका फणस," ते म्हणाले आणि पायात घातल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. सव्वादहा. वर काहीच नाही. महेंद्र दुपारी तीनपर्यंत घोरत पडला. उठून त्याने दोनदा चहा मागितला आणि म्हणाला, "मानलं तुला."

मंजुळाला मात्र आता चैन पडेना. काम करता करता तिची मान आपोआप वर जाई. चालतायत ना? की बसलेत? छातीत काही झालं असलं तर? आवाज होता तेव्हा निदान माणूस कुठे आहे ते कळत होतं. दोनदा ती नुसतीच जिन्यात जाऊन त्यांच्या दाराला कान लावून आली.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास वर फोन वाजलेला तिला ऐकू आला. आणि लगेच धप्प असा आवाज. फोन वाजतच राहिला.

ती महेंद्रला हलवून वर पळाली. दार आतून लॅचने बंद. काकांच्या शेजारी राहणाऱ्या सरोजकडे दुसरी किल्ली होती, ती शोधण्यात पाच मिनिटं गेली. काका पलंग आणि भिंतीच्या मधे पडले होते, मनगट वाकडं झालं होतं. एक सपात पायात, दुसरी पार दाराशी. "वळलो आणि पाय सटकला," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू त्यांचीच चूक होती. महेंद्रने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. सरोजच्या नवऱ्याने खुर्ची दुसऱ्या बाजूने धरली आणि त्यांनी चार मजले खाली नेलं. तिथून रिक्षाने ठाण्याचं हॉस्पिटल. निघताना मंजुळाने दोन्ही सपाता आपल्या पिशवीत कोंबल्या. का कोंबल्या, ते तेव्हा तिला सांगता आलं नसतं.

मनगट मोडलं होतं. कमरेला मुका मार. शीला कोर्टातून धावत आली. "पडलात कसे बाबा?"

"तोल गेला गं," काका म्हणाले.

मंजुळा बाजूलाच उभी होती. तिने सपातांची पिशवी पाठीमागे धरली.

घरी आल्यावर तिने सपाता पालथ्या केल्या. जीन्सचं कापड फरशीवर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. तिने त्या पायात घातल्या आणि स्वयंपाकघरात झटकन वळून बघितलं. पाय सर्रकन गेला, ओटा धरला म्हणून वाचली. मग ती तिथेच खाली बसली.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या साडीला उलट्या बाजूने फॉल लावला, तो उसवून पुन्हा लावला. वर पूर्ण शांतता होती, कारण काका पलंगावर होते. महेंद्र म्हणाला, "ते स्वतः बोलले ना तोल गेला म्हणून? मग कशाला उकरतेस?"

"मला माहितीये ना पण."

रविवारी ती वर गेली. शीला दारात आली. "शीलाताई, काका माझ्या सपातांमुळे पडले. तळाला नुसतं कापड होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

शीलाने मागचं दार अर्धं ओढून घेतलं. "तुम्हाला आवाज नको होता, म्हणून तुम्ही शिवल्यात," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही."

मंजुळाच्या घशाशी उत्तर आलं होतं, घाटाचं, दोन सेकंदांचं. पण शीला म्हणत होती ते खरंच होतं. "हो," ती म्हणाली आणि जिना उतरली.

त्या संध्याकाळी तिने सपातांचे तळ उसवले. आधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बघितला, तो ओल्या फरशीवर सटकला. मग पायपुसण्याचं रबर. ते इतकं चिकटलं की पाऊलच उचलेना, म्हातारा माणूस तोंडावरच पडायचा. सोमवारी सकाळी महेंद्र घरी आला तो हातात गुंडाळी घेऊन. ठाण्याच्या एका सीटकव्हरवाल्याकडून आणलेलं पातळ, दाणेदार रबर. "हे बघ चालतंय का. गाडीत पायाखाली टाकतात."

जाड सुईने शिवताना मंजुळाच्या बोटाला दोनदा टोचलं. झाल्यावर महेंद्रने बाथरूमची फरशी भिजवली, आपले रुंद पाय सपातांत कसेबसे कोंबले आणि चालला, वळला, मुद्दाम जोरात वळला. टाचा बाहेर लोंबत होत्या. मंजुळा दाराची चौकट धरून बघत होती.

"नाही सटकत," तो म्हणाला. "चल, मीपण येतो वर."

शीला रजा घेऊन घरीच होती. तिने सपाता हातात घेतल्या, पण वडिलांना दिल्या नाहीत. तिने चपला काढल्या, सपाता स्वतःच्या पायात घातल्या आणि मोरीत जाऊन नळ सोडला. ओल्या फरशीवर ती गेली, आली, थांबली, पुन्हा गेली. आतून काका हाका मारत होते, "कोण आलंय? शीला, कोण आलंय?" सहा दिवस पडून त्यांचा आवाज चिरका झाला होता. त्यांचे पाय चादरीखाली सारखे हलत होते.

बाहेर येऊन शीलाने टॉवेलने सपाता पुसल्या. पुसता पुसता खाली बघूनच म्हणाली, "फोन माझाच होता. जेवलात का विचारायला केलेला."

मग मंजुळा म्हणाली, "काकांना चालवायला मी येत जाईन. अकरा वाजता. मशीन काय, नंतरही चालेल."

"एकटं सोडायचं नाही."

"नाही सोडणार."

दुसऱ्या दिवसापासून मंजुळा अकराला वर जायला लागली. प्लॅस्टर केलेला हात गळ्यात, दुसरा हात तिच्या खांद्यावर, असे काका चालायचे. सुरुवातीला पलंगापासून मोरीपर्यंत, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये. चालताना ते गावाकडच्या विहिरीबद्दल सांगायचे, मधेच बायकोचं नाव घेऊन गप्प व्हायचे आणि पावलं एकदम भरभर टाकायला लागायचे. तेव्हा मंजुळाही वेग वाढवायची. अडवलं की ते जास्त घाबरे होतात, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. खाली महेंद्र झोपलेला असायचा. कधी लागायची झोप, कधी नाही. पुढच्या महिन्यात त्याला दिवसाची ड्युटी मिळाली.

प्लॅस्टर निघालं तरी मंजुळाचं जाणं थांबलं नाही. शीला तिच्याशी फार बोलत नाही. संध्याकाळी जिन्यात भेटली की पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि विचारते, "आज किती चालले?"

"अठरा फेऱ्या."

"दमले?"

"मी दमले. ते नाही."

शीला मान हलवते आणि वर चढायला लागते.