बाबांकडे उरलेला एक शब्द

नवरीचे फोटो मी खिडकीच्या उजेडात काढते. फ्लॅश नाही, मोठे दिवे नाहीत. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी खिडक्या बघायची मला खोड आहे. त्या घरात खिडक्या पुष्कळ होत्या, पण कामाची एकच. बाकीच्यांपैकी काहींसमोर शेजारची भिंत उभी, तर काहींतून ऊन थेट डोळ्यांत घुसत होतं. ही एक मात्र उत्तरेकडची, रुंद, आणि तिच्यातून येणारा उजेड मऊ. पण नेमका तिच्याखालीच पलंग होता, आणि पलंगावर नवरीचे बाबा झोपलेले.

नवरीची आत्या म्हणाली की पलंग सरकवून घेऊ, त्यात काय एवढं. मी दिवे बंद करायला सांगितल्यावर तिनं आधीच माझ्याकडे संशयानं पाहिलं होतं. एवढ्या लांबून फोटोवाली बोलावली आणि तिच्याकडे साधा उजेडही नाही, असं ती स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाल्याचं मला ऐकू आलं होतं.

पण नवरीनं पलंग हलवू दिला नाही. ती म्हणाली, बाबांच्या शेजारी बसूनच काढा. मग मी तिला पलंगाच्या कडेवर बसवलं, चेहरा खिडकीकडे वळवला, आणि सावलीतल्या गालावरही उजेड परतावा म्हणून त्या बाजूला एक पांढरी चादर खुर्चीवर टांगली. आत्या पाहुण्यांकडे गेली. बाबा झोपलेलेच होते. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

फोटो काढताना नवऱ्या बोलतात. केस विंचरताना बोलतात तसंच. हिला आई नव्हती. शाळेत असल्यापासून घर तिनंच सांभाळलेलं, म्हणून बाबा तिला 'कारभारीण' म्हणायचे. लग्न तिनं स्वतः जमवलं होतं आणि बाबांना मुलगा पसंतही होता. मग एक दिवस ते एकटेच त्याच्या घरी जाऊन आले. सहज, ओळख वाढवायला. रात्री तिथंच राहून सकाळी परत आले तेव्हा ही कामावर निघाली होती. दारातच ते म्हणाले, "संध्याकाळी लवकर ये. तुझ्याशी बोलायचंय."

ती लवकर आली. बाबा बेसिनपाशी पडलेले होते.

जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'थांब'. पाणी हवं असलं तरी थांब, पुरे झालं तरी थांब. डॉक्टर म्हणाले, आत सगळं आहे, पण बाहेर यायचा रस्ता तुटलाय, आणि आता तो जोडला जाईलसं वाटत नाही. अक्षरांची पाटी आणून पाहिली तर ते कुठल्याही अक्षरावर बोट ठेवायचे. मानेचाही भरवसा नव्हता. चहा हवा का म्हटलं तरी होकार, नको का म्हटलं तरी होकार.

"त्याला विचारलंत?" मी म्हटलं. म्हणजे नवऱ्या मुलाला.

विचारलं होतं, एकदा नाही, अनेकदा. तो म्हणाला, बाबा आले, जेवले, गप्पा मारल्या आणि हसत गेले. खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. खरं मानावं असंही तिच्या हातात काही नव्हतं.

"कदाचित तुम्हाला आईचं काही द्यायचं असेल," मी म्हटलं. "किंवा तुम्ही गेल्यावर घराचं कसं करायचं, ते."

"तसंच असेल," ती म्हणाली. हनुवटी तिनं मी सांगितल्याप्रमाणे वर धरलेली होती.

तेवढ्यात बाबा जागे झाले. आधी त्यांनी तिला ओळखलं नसावं. पोशाखाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तोंडाच्या शाबूत बाजूनं हसले. ती वाकली. मी पटापट फोटो घेतले. असा उजेड आणि असे चेहरे एकत्र क्वचितच मिळतात.

मग त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"थांब."

"थांबलेय ना बाबा. इथंच आहे."

"थांब. थांब." ते पाण्यासाठी म्हणत नव्हते, एवढं मलाही कळलं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तिनं तरी पाणी पुढं केलं, उशी सरळ केली. मग तिनं जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं.

"लग्नाबद्दल सांगताय का?"

त्यांनी मान डोलावली.

"करू नको म्हणताय?"

पुन्हा होकार. रंगरंगोटीखालीसुद्धा तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. 

"की कर म्हणताय, बाबा?"

मान तशीच हलली, अगदी तशीच. आणि ती हलल्याचं त्यांना स्वतःला कळलं. त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि मूठ गादीवर आपटली, पुन्हा आपटली. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत गेलं. तिनं ते पुसलं. मी कॅमेरा कधीच खाली ठेवला होता.

ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही इतके बाप बघता लग्नात. हे काय म्हणतायत?"

काहीतरी बरं बोलायला हवं होतं. "मला नाही कळत," मी म्हटलं. मग हळूच विचारलं, "पुढं ढकलता येईल का?"

"कुठपर्यंत? ते बोलतील तोपर्यंत?"

आत्या दारात आली. गाडी उभी होती, माणसं खोळंबली होती. भावाची अवस्था बघून तिचाही आवाज खाली आला. तो काल साध्या चादरीसाठीही असंच करत होता, ती म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. बाबांनी पुन्हा मनगट धरलं होतं. नवरीनं त्यांचं एकेक बोट सोडवलं, हात छातीवर ठेवला, त्यावर आपलं कपाळ टेकवलं आणि निघाली. दारात तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर तिला निघणं जमलं नसतं.

मी सामान आवरायला मागे राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी पडदा लावू का, दिवा लावू का, तिला परत बोलवू का, असं एकेक विचारलं. सगळ्यालाच होकार. शेवटी खुर्चीवरची चादर काढून मी तिथंच बसून राहिले, शेजारीण त्यांच्याजवळ बसायला येईपर्यंत.

काही महिन्यांनी ती फोटो घ्यायला माझ्याकडे आली. तोवर बाबा गेले होते. बरोबर नवरा होता. चांगला वाटला, बोलायला मोकळा. तिची पिशवी त्यानंच धरली होती. आम्हाला निवांत बोलता यावं म्हणून तो खाली गाडीत जाऊन बसला.

बाबांच्या हसण्याचे फोटो तिनं बराच वेळ बघितले. मी विचारलं, कसं चाललंय.

"चांगलं चाललंय," ती म्हणाली आणि फोटो परत लावू लागली. मग हात थांबले. "मला वाटलं होतं, लग्न झाल्यावर कळेलच कधीतरी. तसं काही झालं नाही. तो चिडला की वाटतं, हेच सांगायचं होतं का बाबांना. तो चांगला वागला तरी वाटतं, हेच सांगायचं असेल. मी रोज वाट बघते, ताई. त्याला बिचाऱ्याला माहीतही नाही."

 मी फोटो कागदात गुंडाळून दिले. खालून त्यानं हाक मारली. तिनं खिडकीतून त्याला हात केला, आणि जिन्यानं उतरून गेली.