टवका उडालेला ट्रे

मी एक जुना पांढरा ट्रे आहे. इनॅमलचा, निळ्या काठाचा आणि एका कोपऱ्यात टवका उडालेला. मित्रांनो, त्या काळ्या टवक्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्या आयुष्यातला सगळा मान मला त्याच्यामुळेच मिळाला.

माझी भावंडं कारखान्यातून थेट दवाखान्यात गेली आणि कात्र्या-चिमटे मिरवू लागली. माझ्या नशिबी मासे आले. एका चित्रकार बाईने मला दुकानात बोटाने वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. ती समुद्री जीवांच्या संग्रहालयासाठी चित्रं काढायची. तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

पहिला ओला मासा अंगावर आला तेव्हा मी खट्टू झालो होतो, हे खरं. पण हळूहळू मला त्या पाहुण्यांचा लळा लागला. एका माकुलाने शाई सांडून मला पार काळाठिक्कर केलं. एक अष्टपाद घसरून टेबलाखाली गेला आणि त्याचे आठ हात गोळा करता करता आत्याची पुरेवाट झाली. टवका उडाला तोही त्याच दिवशी.

आत्याची कामाची रीत ठरलेली होती. पाण्याबाहेर आला की माशाचा रंग उतरू लागतो, म्हणून आधी रंग लावायचा आणि बारीक रेघा मागाहून. माशाचं तोंड नेहमी डावीकडे ठेवायचं, कारण संग्रहालयाच्या भिंतीवरचे सगळे मासे डावीकडेच बघत. आणि जे दिसेल तेच काढायचं.

भाची शिकायला आली तेव्हा तिचे मासे हसायचे. त्यांना लांब पापण्याही असत. आत्या तिला रागावली नाही. "माशाला पापण्या नसतात गं. आधी नीट बघ, पेन्सिल कुठे पळून जात नाही," एवढंच ती म्हणाली. मग पोरगी हनुवटी माझ्या काठावर टेकून खवले बघू लागली. तिचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा जमायचा आणि मला फार बरं वाटायचं.

पुढे आत्याचा हात थरथरू लागला. भिंतीवर एकच चौकट रिकामी होती, एका चपट्या माशाची. संग्रहालयवाल्यांनी दुसरा चित्रकार बघू का, असं अगदी अदबीने विचारलं. आत्या त्या दिवशी जेवली नाही. साऱ्या जन्माची भिंत दुसऱ्या कुणीतरी पुरी करावी, हे तिला सोसेना. शेवटी तिने ब्रश भाचीच्या हातात दिला.

बंदरावरून मासा आला. तो वाळूत आडवा पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला. डोळे वर येतील असा तो माझ्यात ठेवला, तर तोंड उजवीकडे. भाचीने त्याला पालटला, तर तोंड डावीकडे आलं, पण वर नुसती पांढरी बाजू, डोळ्यांचा पत्ता नाही. पुन्हा सरळ करून जागच्या जागी फिरवला, तर तोंड डावीकडे, पण पाठीची कड खाली आणि पोटाची वर. बिचाऱ्या माशाचे मेल्यावरही हाल चालले होते. अखेर तिने तो उजवीकडे तोंड करून ठेवला आणि कागदावर मात्र मनानेच डावीकडे वळवून काढला. रंगही छान लावला.

आत्याने कागद माशाशेजारी धरून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "या जातीचे डोळे उजव्याच अंगाला असतात. तू ते डावीकडे नेलेस. असा मासा समुद्रात नाही."

"पण भिंतीवरचे सगळे डावीकडे बघतात ना, आत्या?" भाचीचे डोळे भरून आले होते.

"हा नाही बघत. भिंतीचं राहू दे, त्याचं ऐक."

माशाचे तपकिरी ठिपके फिकट होऊ लागले होते. भाचीने डोळे पुसले, नवा कागद घेतला आणि मान वर न करता रंगवत राहिली. या वेळी तिने समोर दिसेल ते सगळं काढलं. इतकं सगळं, की शेपटीखाली माझा काळा टवकाही आला. आत्याने तो झाकायला पांढरा रंग उचलला, क्षणभर धरला आणि परत ठेवून दिला.

"दिसलं ते काढलंस. असू दे."

चौकट भरली. भाची पुढच्या शिक्षणासाठी लांब गेली, आत्याचं काम थांबलं आणि माझी रवानगी गच्चीवर, कुंडीखाली झाली. टवक्याला गंज चढला. मला वाटलं, आता आपलं कुणाला काम नाही.

पण परवा भाचीने मला शोधून काढलं, घासलं, कोरडं पुसलं आणि संग्रहालयात नेलं. आता ती तिथे मुलांना चित्रकला शिकवते. आत्याही खुर्चीवर बसून होती. एका चिमुरडीने डावीकडे बघणाऱ्या त्या सगळ्या माशांमधला उजवीकडे बघणारा एकटा मासा हेरला. मग तिने त्याच्या शेपटीखालचा ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या टवक्यावर बोट ठेवलं. "हा इथलाच आहे," ती म्हणाली. आत्याने माझा काठ धरला. तिचा हात थरथरत होता, म्हणून मीही टेबलावर खडखडत राहिलो.

मित्रांनो, काम झालं की मला धुऊन कोरडं पुसा, गंज फार दुखतो. आणि काही काढण्याआधी त्या चिमुरडीसारखं बघा. तुम्ही नीट बघितलंत, तर टवका उडालेल्यालाही भिंतीवर जागा मिळते.