तू म्हणशील तसं

आमचं अमेरिकेतलं श्रूजबरीचं घर विकायला काढल्याचं संजीवनं मला इटलीत सांगितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला न विचारता गाड्या घेतल्या, स्वयंपाकघर तोडून नवं केलं, आमच्या केयानं कुठल्या कॉलेजात जायचं तेही ठरवलं, पण घर? लग्नाच्या वाढदिवसाची म्हणून मोठ्या हौसेनं अल्बेरोबेल्लोची सहल त्यानं आखली होती, आणि तिथे तिसऱ्या सकाळी कॉफी ढवळता ढवळता, टेक्ससमधल्या शुगर लँडची नोकरी पक्की केली, एजंटला किल्ल्याही दिल्या, हे त्यानं दूध संपल्याच्या सुरात सांगून टाकलं.

त्या गावातली घरं पाहायला जगभरातून माणसं येतात. पांढऱ्या भिंती आणि वर करड्या, चपट्या दगडांचं शंकूसारखं छप्पर, तेही चुना-सिमेंटाशिवाय, नुसता दगडावर दगड रचलेलं. तसलंच एक घर आम्ही चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलं होतं. आत गारवा होता, भिंती भल्या जाड होत्या आणि दार इतकं बुटकं, की पहिल्याच दिवशी चौकटीवर डोकं आपटून संजीवच्या भुवईवर चांगली खोक पडली होती. तिच्यावर पट्टी मीच लावली होती, फुंकर घालत. ते आठवून मला आणखीच चीड आली.

"मग तू इथेच राहा," मी ओरडले. "घरी मी एकटी जाते."

असल्या जागी आवाज घुमायला हवा. तो घुमला नाही. वर छपरात, दगडावर दगड नीट बसावा तसा बारीकसा आवाज झाला आणि थांबला. घरात वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, असं आई नेहमी सांगायची. मी चपापले, ते संजीवच्या लक्षात आलं आणि तो हसला.

"घाबरतेस काय यार? वास्तू इटालियन आहे. तिला मराठी कुठून कळणार?"

त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅग घेऊन मी बाहेर गल्लीतल्या बाकावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी तो वाकून दारातून बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. "जायचं का?" त्यानं विचारलं. त्यानं काही विचारायची सवय मला नव्हती, पण तेव्हा मी रागात होते. एक दिवस आधीच आम्ही परत निघालो.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं एजंटला फोन करून सगळं कॅन्सल केलं, टेक्ससच्या नोकरीलाही नकार कळवला. "तू म्हणशील तसं," म्हणाला. मग भाजी कुठली, पडदे कोणते, हीटर कितीवर ठेवायचा, सगळ्याला तेच उत्तर. केयाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, यू ऑलवेज वॉन्टेड दिस! नाऊ एन्जॉय इट." मी कसली एन्जॉय करते! भांडायलाही समोर माणूस लागतो. एकदा मुद्दाम आमटी खारट केली, तर त्यानं दोन वाट्या निमूट संपवल्या. पंचवीस वर्षांचा हिशेब मागायचा होता मला, आणि तो चुकता करणारा कुठे सापडतच नव्हता.

मग एका सकाळी तो दाढी करत असताना मी त्याच्याकडे नीट पाहिलं. भुवईवर खपली नव्हती, व्रण नव्हता, काहीच नव्हतं.

"खोक इतक्यात भरली?"

"कसली खोक?" असं म्हणून तो बाथरूममधून बाहेर आला, वाकून. आमची दारं चांगली उंच आहेत. तरी तो प्रत्येक दारातून वाकूनच जात होता.

काल, रविवारी दुपारी, त्या घराच्या मालकिणीचा मेल आला. आमच्यासारखे पाहुणे आवडतात, असं तिनं सुरुवातीला लिहिलं होतं. पुढे होतं: 'आपण लवकर गेलात. गृहस्थ अजून आहेत. दार मी उघडंच ठेवते, पण त्यांना ते सापडत नाही. भिंतीवर डोकं आपटून घेतात, भुवईवरची जखम भरू देत नाहीत. आम्हाला न कळणाऱ्या भाषेत दिवसभर कुणाला तरी हाका मारतात. त्यांना न्यायला कधी येणार?'

मी दोनदा वाचलं. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यानंही वाचलं.

"आणायचं का त्याला?" त्यानं शांतपणे विचारलं. "तू म्हणशील तसं."

मला रडू यायला हवं होतं. पहिलं विमान पकडायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर आला तो कॉफी ढवळणारा चमचा, आणि ते हसणं.

"राहू दे तिथेच," मी म्हटलं.

वर छतात, दगडावर दगड नीट बसल्याचा आवाज झाला. आमचं घर सगळं लाकडाचं आहे.