चंद्राबाईचा पाय

आमच्या गावात कुणाच्या पाठीत चमक भरली की तो वैद्याकडे जात नसे. वाकडातिकडा होत केरबा हवालदाराच्या दारात येऊन उभा राही. हवालदाराच्या हाताला गुण होता असं नाही. त्याचा हात लागून बरी झालेली एकही गोष्ट मला आठवत नाही. गुण होता त्याच्या बायकोच्या पायात. चंद्राबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेली. अशा माणसाने दुखऱ्या पाठीला पाय लावला की चमक निघून जाते, याबद्दल कृष्णाकाठी कुणाचं दुमत नव्हतं.

तिची रीत ठरलेली होती. दुखणेकऱ्याने ओसरीवर पालथं पडायचं, चंद्राबाईने डाव्या पायाने त्याची पाठ दाबायची, आणि माणूस वयाने किंवा मानाने मोठा असला तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं. म्हणजे पाय लावल्याचा दोष फिटला. पाटलांनीसुद्धा ओसरीवर पालथं पडून हा मान घेतलेला होता. चंद्राबाई कुणाकडून काही घेत नसे. चुलीवरचं कालवण उतरवून यायची, पाय लावायची, पाया पडायची आणि पुन्हा चुलीपुढे जाऊन बसायची.

लढाई संपली आणि केरबा पेन्शनीत येऊन उसाला लागला. पलटणीतून त्याने दोन गोष्टी आणल्या. एक चहाचा नाद आणि दुसरी छातीतली जळजळ. उपाशीपोटी चहा, चहावर बिडी, बिडीवर शेंगदाण्याची तिखटजाळ चटणी, आणि रात्री गळ्यापर्यंत जेवून झालं की तसंच उताणं पडायचं. मग आंबट पाणी घशाशी आलं की हवालदार उठून बसे आणि अख्ख्या आळीला जागं करी. जर्मन गोळीला आपण भ्यालो नाही, पण ही आग काही सोसवत नाही, असं तो मला रोज सांगे. मी त्याचा शेजारी. रोज ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

आता खरं म्हणजे जळजळ निराळी आणि चमक निराळी. पण केरबाने एकदा ठरवलं की ठरवलं. छातीच्या मागे पाठच असते, तेव्हा ही चमकच आहे, पाठीत भरून पुढे आलेली, असं त्याचं म्हणणं. आणि पायाळूचा पाय हवा, तर गावात पायाळू एकच, ती त्याची बायको. बायकोचा पाय नवऱ्याच्या पाठीला लागणार कसा? चंद्राबाईने तर कानांवर हात ठेवले. पाटलाची गोष्ट वेगळी, नवऱ्याची वेगळी, असलं पाप आपण सात जन्मांत करणार नाही, असं तिने सांगून टाकलं. केरबालाही ते पटलं. उलट तिने हो म्हटलं असतं तर तो रागावला असता.

त्या हंगामात जतकडचा एक धनगर केरबाच्या रानात मेंढरं बसवायला आला होता. मेंढरं रानात बसली की रानाला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं, असा तो व्यवहार. त्याचं नाव बिराप्पा. बोलता बोलता कळलं की बिराप्पाही पायाळू. केरबाला आकाश ठेंगणं झालं. गुऱ्हाळ चालू होतं. दुपारी मटणाचं जेवण झालं, वर त्याने गरम काकवी प्यायली आणि ढेकर देत तो बिराप्पापुढे जाऊन उभा राहिला.

बिराप्पाची रीत आमच्याहून वेगळी निघाली. त्याच्याकडे पालथं पडत नाहीत; वाकून पायांचे अंगठे धरून उभं राहायचं. हवालदाराने पलटणीतल्यासारखी कवायत करून अंगठे धरले. पोट तुडुंब भरलेला माणूस असा दुमडल्यावर आतला माल कुठे जाणार? बिराप्पाने पाय उचलायच्या आधीच केरबाचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. त्यात एडक्यांना वठणीवर आणणारा तो पाय पाठीत बसला आणि दुपारचं सगळं जेवण उसाच्या चिपाडावर आलं. मागोमाग घशापासून बेंबीपर्यंत अशी आग पेटली की हवालदार बांधावरच बसला. मला म्हणाला, "लाला, म्या चाललो. बैलांची जोडी माज्या भावाला, आकारामला दे. चंद्राला माहेरी धाडू नगंस."

बिराप्पा बिचारा मेंढरांकडे बघत उभा राहिला. उद्या सकाळी सांगलीला गद्रे डॉक्टरांकडे जायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, कारण केरबाचे बैल माझ्याही नांगराला लागत आणि ते आकारामकडे जाणं मला परवडण्यासारखं नव्हतं. त्याच्याकडे गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही.

सकाळी मी माझी गाडी जुंपली. गाडीत कडबा पसरून केरबा पसरला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन चंद्राबाई बसली. वाटेत केरबाने सगळ्या देवांची नावं घेतली. चंद्राबाईने ओच्यात भाकरीचे तुकडे बांधून आणले होते आणि मधूनमधून एक तुकडा तोंडात टाकत होती. एकदा तिने गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून बाभळीला धरून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं. थंडीचे दिवस होते आणि सूर्य नुकता वर आला होता. केरबा गाडीतून ओरडला की माणूस हितं मराया लागलाय आणि तू झाडं बघत बसलीस.

गद्रे डॉक्टर लढाईत पलटणीचे डॉक्टर होते, त्यामुळे केरबाने त्यांना आधी सलाम ठोकला आणि मग तो मरायला लागला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली, आणि प्रश्न विचारायला लागले. जळजळ जेवणावर वाढते का? आडवं पडल्यावर, वाकल्यावर वाढते का? आंबट घशाशी येतं का? याला केरबा जोरात व्हय म्हणाला. छातीतलं दुखणं हातात, जबड्यात जातं का? चालताना दुखून दरदरून घाम फुटतो का? घास गिळताना अडकतो का? अंग उतरलंय का? याला मात्र न्हाई म्हणताना तो हिरमुसला होत गेला. एवढ्या लांब येऊन आपल्याला काहीच धड झालेलं नाही, हे त्याला सोसेना.

डॉक्टर म्हणाले, पोटाच्या तोंडाशी एक झडप असते. आतलं आंबट पाणी तिने आत ठेवायचं असतं. तुम्ही गळ्यापर्यंत भरता आणि लगेच आडवे होता, मग ती झडप तरी काय करणार? थोडं जेवा, दिवस मावळताना जेवा, जेवल्यावर हिंडा. चहा, बिडी, तिखट कमी करा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. औषधाची बाटली देतो. आणि दुखणं पाठीवर लाथ मारून जाणारं नाही, हेही त्यांनी सांगितलं. केरबाच्या पाठीवर बिराप्पाचा पाय अजून उमटलेला होता.

एवढ्यावर आम्ही उठलो असतो. पण डॉक्टर भला माणूस. म्हणाले, आता हे लक्षात ठेवा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, उलटीत रक्त दिसलं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, घास अडकायला लागला, विनाकारण वाळायला लागलात, किंवा परसाकडे डांबरासारखं काळं आणि चिकट झालं, तर सोडा खात घरी बसायचं नाही. असाल तसे यायचं.

दाराशी चंद्राबाई उभी होती. ती म्हणाली, "काळं झालं तर काय हुतं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. केरबा म्हणाला, मला तसलं काही होत नाही, आता चल. चंद्राबाई जागची हलली नाही. गावात एक बाई हाय, तिला हुतं, असं ती खाली बघत म्हणाली.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. त्या बाईला आणखी काय होतं, ते विचारायला लागले. चंद्राबाई त्या बाईचं सगळं सांगत गेली. बरगड्यांच्या खाली मधोमध कुरतडल्यासारखं दुखतं. उपास असला की जास्त दुखतं, भाकरीचा तुकडा खाल्ला की जरा थांबतं. दिवाळीपासून दुखतं. काळं मात्र परवापासून होतंय. ती बाई कारळ्याची चटणी खाते, म्हणून तिला वाटलं चटणीचाच रंग असेल. पाणी आणताना डोळ्यांपुढे अंधारी येते, बसावं लागतं.

केरबाला या बाईत रस वाटायला लागला. दुसऱ्याचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं निघालं की ते नीट पारखून घ्यायची त्याला सवय होती. मनुबाई असेल, तो म्हणाला. नाहीतर जोतीरामाची बायको, ती फार कारळं खाते. चंद्राबाईने मान हलवली. तेव्हा कोण ते तरी सांग, तो चिडून म्हणाला, डॉक्टरांचा वेळ कशाला खातीस?

"तुमच्याच घरातली हाय," चंद्राबाई म्हणाली.

केरबाच्या घरात बाई एकच. हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला आणि पुन्हा उठला. डॉक्टरांनी तोवर चंद्राबाईला खुर्चीवर बसवून तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली होती. पापणीची आतली बाजू चुन्याची भिंत असावी तशी पांढरी होती. रागावून त्यांनी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाही?

चंद्राबाईने जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. "गावाच्या चमका म्या पायानं काढल्या. त्या कुटंतरी जाणारच की, आवं. माज्या पोटात यून बसल्या आसतील. आपुन काढलेलं आपुन भोगावं. त्याला औषिद काय करनार?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. डॉक्टरही हसले नाहीत. चमक पायातून पोटात चढत नाही, हे त्यांनी तिला शांतपणे सांगितलं. तिच्या जठरात जखम झाली होती, त्यातून रक्त वाहत होतं, आणि रक्त आतड्यांतून जाताना काळं पडतं. चटणीचा काही संबंध नव्हता. आता एकही पाऊल चालायचं नाही, इथेच मागच्या खोलीत निजायचं आणि अंगात रक्त भरावं लागेल, असं ते म्हणाले. रक्त वाहणं थांबलं नाही तर काय होईल, हे त्यांनी केरबाला बाजूला घेऊन सांगितलं. मी लांब होतो, पण केरबाचं तोंड पाहून मला कळलं.

आमच्या दोघांच्या बोटांतून रक्त काढून डॉक्टरांनी तपासलं. केरबाचं जुळलं, माझं जुळलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. मला वाटलं होतं, केरबा आता सांगली डोक्यावर घेईल. पण सुई टोचली, बाटली भरत गेली, आणि तो तोंडातून चकार शब्द न काढता पडून राहिला. घ्यायचं तेवढं घ्या, एवढंच म्हणाला.

चंद्राबाईच्या खाटेलाही विटा घातल्या, पण पायांकडून. डोक्याकडे रक्त राहावं म्हणून तिचे पाय उंच केले होते. केरबा पायथ्याशी स्टुलावर बसून राहिला. त्याला मी चहा आणला तर त्याने तो मलाच प्यायला लावला. छातीतली आग कशी आहे, असं विचारलं तर त्याला आठवावं लागलं.

पुढचे दिवस भीतीतच गेले. ती दूध घोट घोट घेई आणि झोपे. मग एका सकाळी डॉक्टर तपासून बाहेर आले आणि म्हणाले, काळं थांबलंय, नाडी भरलीय, आता बाई वाचली. पण पडून राहायचं, उठायचं नाही, आणि यापुढे उपास नाही. मी आत गेलो तेव्हा केरबा तिचे तळवे हातांत घेऊन चोळत होता. ती जागी झाली आणि पाय ओढून घ्यायला लागली.

"आवं, पाय सोडा. पाप लागंल."

"मला चमक भरलीया," केरबा म्हणाला.

"कुटं?"

त्याने स्टूल फिरवलं, पाठ तिच्या उंच केलेल्या तळव्यांना टेकवली आणि म्हणाला, "हितं. लाव पाय."

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग तिने डाव्या पायाने त्याची पाठ हळूच दाबली, इतकी हळू की त्याने माशीही उडाली नसती. गेली का, असं तिने विचारलं. गेली, तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडेच ठेवून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसायला लागला.

रीतीप्रमाणे आता तिने वाकून त्याच्या पाया पडायचं होतं. ती कोपरावर उठायला लागली. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून केरबाने तिला खांद्याला धरून पुन्हा निजवलं आणि राहिलेलं पाया पडणं स्वतःच उरकून टाकलं.