कबरींच्या टेकडीवरच्या तोफा

लाल केसवाल्या फिरंग्यांची गलबतं चीनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अमॉय बंदरात शिरली, तेव्हा त्यांनी ना गावावर गोळे टाकले, ना धक्क्यावर. सबंध सकाळ ते कबरींची टेकडी फोडत बसले. तिथे एकही शिपाई नव्हता. माझी आई होती.

तिची कबर आमच्याकडे बांधतात तशीच होती. मागून कवेत घेणारी अर्धगोल दगडी भिंत, आणि तोंड समुद्राकडे, बाबांची होडी परतताना तिला दिसावी म्हणून. दर वसंतात आम्ही तिथलं गवत उपटून, झाडून यायचो. आता झाडायला नुसती खडी उरली.

परत जाताना त्यांचं एक गलबत खडकावर फुटलं. गावातले लोक लाकडं आणायला गेले. बाबांना तिथे एक नकाशा सापडला, आधीच्या कुठल्यातरी फेरीत जहाजावरूनच काढलेला. आमचं बंदर, देऊळ, धक्का, सगळं जागच्या जागी होतं. टेकडीवर कबरींच्या जागी अर्धगोल तटबंद्या होत्या, आणि प्रत्येक तटबंदीत एक चिमुकली तोफ.

"त्या मेल्या फिरंग्यांना वर चढून बघायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

बाबांनी आईच्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"तोफ समजले गं तिला," ते म्हणाले. "शेजारीण दारात येऊन शिव्या द्यायची, तेव्हाही जिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही, तिला."